आदेश निघण्याआधीची वकिली

नियामक संस्थेच्या विधी विभागाचे प्रमुखपद हाती आले की पहिल्याच दिवशी टेबलावर येते ती प्रलंबित खटल्यांची यादी. संस्था सेबी असो, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग असो, महारेरा असो की अन्नसुरक्षेचे प्राधिकरण, यादीचे रूप तेच. उच्च न्यायालयातल्या रिट याचिका, अपिली न्यायाधिकरणातली अपिले, सर्वोच्च न्यायालयात अडकलेली दोन-चार मोठी प्रकरणे, पुढच्या तारखा, ब्रीफ कोणाकडे आहे, शपथपत्र दाखल झाले की नाही. ही यादी पाहून कोणाचाही समज होईल की आपले काम म्हणजे चांगले वकील नेमणे, तारखा सांभाळणे आणि खटले जिंकणे. या समजुतीशीच मला वाद घालायचा आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतातल्या नियामकांचे जे पराभव सर्वाधिक गाजले, त्यांची निकालपत्रे शांतपणे वाचली तर वकील कमी पडले असे क्वचितच आढळते. बऱ्याच ठिकाणी नियामकाला अधिकारही होता. तरीही आदेश टिकला नाही, कारण सही झाली त्या दिवशीच तो पडण्याच्या बेतात होता. दोष नस्तीत होता, सुनावणीच्या पद्धतीत होता, न लिहिलेल्या कारणांत होता. म्हणून विधी विभागप्रमुखाचा बहुतांश वेळ आदेश निघण्याआधीच्या कामात गेला पाहिजे, न्यायालयातले काम त्यानंतरचे. तुमच्या विभागाची माणसे, वेळ आणि पैसा कुठे लावायचा याचा निर्णय या एका गोष्टीवरून करावा, असे माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला आठवत असेल असे उदाहरण मॅगीचे. ५ जून २०१५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगीच्या नऊ प्रकारांवर देशभर बंदी घातली आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या अन्नसुरक्षा आयुक्तांनी राज्यापुरता तसाच आदेश काढला. शिशाचे प्रमाण जास्त असल्याचे अहवाल हाती होते, मुलांच्या आरोग्याचा प्रश्न होता आणि जनमत बंदीच्या बाजूने होते. अशा वेळी कडक पाऊल उचलावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. असुरक्षित अन्न रोखण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे, हे न्यायालयाने नाकारले नाही. बंदीआधी कंपनीला रीतसर म्हणणे मांडू दिले गेले नाही आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्या कायद्याला हव्या तशा मान्यताप्राप्त नव्हत्या, या कारणांवर आदेश पडले. न्यायालयाने पंजाब, हैदराबाद आणि जयपूर इथल्या तीन प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करायला सांगितले, त्यांत शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा बाजारात आला. आता विधी विभागाच्या नजरेने हे पाहा. नमुना कोणी घेतला, कसा घेतला, प्रयोगशाळेची मान्यता कोणत्या तारखेपर्यंत आहे, नोटिशीत कोणता मुद्दा आहे, हे प्रश्न विचारायला एका जाणत्या विधी अधिकाऱ्याला एक दुपार पुरते. ती दुपार बंदीच्या आधी मिळाली असती, तर एक तर आदेश टिकला असता किंवा तो काढूच नये हे वेळीच कळले असते. दोन्ही परिणाम जनतेच्या हिताचे होते.

सिमेंट कंपन्यांच्या प्रकरणातली चूक याहून साधी होती आणि तिची किंमत याहून मोठी पडली. भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमताने भाव ठरवल्याबद्दल सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला. डिसेंबर २०१५ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवले. कारण हे, की फेब्रुवारी २०१२ मधल्या अंतिम सुनावणीला जे अध्यक्ष हजर नव्हते त्यांची सही आदेशावर होती. ज्याने ऐकले त्यानेच ठरवावे हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच आंध्रच्या गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणात स्पष्ट केले होते. आयोगाने पुन्हा सुनावणी घेतली आणि ३१ ऑगस्ट २०१६ रोजी पुन्हा सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. म्हणजे गुणवत्तेवर आयोगाचे मत बदलले नाही, पण चार वर्षे वाया गेली. ही चार वर्षे वाचवायला घटनातज्ज्ञ ज्येष्ठ वकील लागत नव्हते. प्रत्येक सुनावणीला कोण बसले याची नोंद आणि आदेशाच्या मसुद्यासोबत ती नोंद ताडून पाहणारा एक दक्ष अधिकारी एवढे पुरेसे होते. सदस्य बदलतात, निवृत्त होतात, रजेवर जातात. आयोगांमध्ये हे नेहमीचेच. म्हणून आदेश सहीला जाण्यापूर्वी उपस्थितीपत्रक आणि सही करणाऱ्यांची नावे जुळतात की नाही हे पाहणे, जुळत नसतील तर पुन्हा सुनावणी लावण्याचा सल्ला देणे, ही जबाबदारी तुमच्या विभागात नावानिशी एका माणसावर हवी.

कार्यपद्धतीच्या चुका अशा मोजून टाळता येतात. कारणांच्या चुका टाळणे जास्त कठीण, आणि विधी प्रमुखाची खरी कसोटी तिथे लागते. कॉल ड्रॉपचे प्रकरण घ्या. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१५ मध्ये विनियम काढला की कॉल मध्येच तुटला तर कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. ग्राहकाला हे न्याय्यच वाटले असणार. ट्रायने चर्चापत्र काढले होते, हरकती मागवल्या होत्या. तरी ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनियम रद्द केला. कंपन्यांना दोन टक्क्यांपर्यंत कॉल ड्रॉपची मुभा देणारा निकष ट्रायच्याच दुसऱ्या विनियमात होता. तो निकष पाळणाऱ्या कंपनीलाही आता पैसे द्यावे लागणार होते. शिवाय एक तृतीयांशाहून अधिक कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी तुटतात, असे ट्रायचेच तांत्रिक टिपण सांगत होते. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो याचे उत्तर विनियमासोबतच्या स्पष्टीकरणात नव्हते. ट्राय कायद्याच्या कलम ११(४) मधली पारदर्शकतेची अट हरकती मागवल्याने पुरी होत नाही, त्या हरकतींचे काय केले हेही सांगावे लागते, हा या निकालाचा धडा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या आभासी चलनाविषयीच्या परिपत्रकाचेही असेच झाले. बँकांना अशा व्यवहारांपासून दूर ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा अधिकार न्यायालयाने ४ मार्च २०२० च्या निकालात मान्य केला, पण ज्या संस्थांचे नियमन ती करते त्यांचे या व्यवहारांमुळे नुकसान झाल्याचा पुरावा बँक दाखवू शकली नाही, म्हणून उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. अधिकार होता, नुकसानीचा आधार नस्तीत नव्हता.

मग वकील हा आधार नंतर उभा करू शकत नाहीत का? शपथपत्रात सविस्तर कारणे लिहिता येत नाहीत का? बऱ्याच कार्यालयांचा भरवसा नेमका याच सोयीवर असतो आणि तो खोटा आहे. याचा निर्णय मुंबईतल्याच एका जुन्या प्रकरणात झालेला आहे. अंधेरीला चित्रपटगृह बांधायची परवानगी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी गोरधनदास भानजी यांना १९४७ मध्ये दिली आणि त्याच वर्षी ती रद्द झाल्याचे पत्र पाठवले. पत्रात लिहिले होते की सरकारच्या आदेशावरून हे कळवले जात आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले तेव्हा निर्णय आयुक्तांचा स्वतःचाच होता असे सांगण्याचा प्रयत्न झाला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९५१ च्या निकालात तो मानला नाही. जाहीर आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा, सही करणाऱ्याच्या मनात काय होते याचे नंतरचे खुलासे त्याला चिकटवता येत नाहीत. १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा मांडले आणि तेव्हापासून नियामकाविरुद्धच्या याचिकांत त्याचा आधार घेतला जातोच. वकिली कौशल्य कितीही असले तरी आदेशात नसलेले कारण न्यायालयात जन्माला घालता येत नाही. आदेश निघाल्यावर विधी विभागाकडे मसुदा धाडणे म्हणजे वरातीमागून घोडे.

याची उलट बाजूही नोंदवायला हवी. सहाराच्या दोन कंपन्यांनी परिवर्तनीय कर्जरोख्यांतून लोकांकडून पैसा गोळा केला तेव्हा त्यांचे म्हणणे होते की आमच्या कंपन्या बाजारात नोंदलेल्या नाहीत, हा खासगी वाटपाचा व्यवहार आहे, सेबीचा इथे संबंधच नाही. २३ जून २०११ रोजी सेबीच्या पूर्णवेळ सदस्याने दिलेल्या आदेशात या अधिकारक्षेत्राच्या मुद्द्याचे उत्तर होते: पन्नास किंवा अधिक लोकांना देऊ केलेले रोखे हे कंपनी कायद्यानुसार जनतेला दिलेलेच ठरतात. ऑक्टोबरमध्ये अपिली न्यायाधिकरणाने तो आदेश कायम केला आणि ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे चोवीस हजार कोटी रुपये पंधरा टक्के व्याजासह परत करायला सांगितले. एवढ्या ताकदीच्या पक्षासमोर आदेश उभा राहिला तो आतून भक्कम असल्यामुळे.

आता प्रत्यक्ष काम. पहिला बदल म्हणजे विधी विभागाकडे नस्ती येण्याची वेळ पुढे ओढणे. कारणे दाखवा नोटीस तयार होण्यापूर्वीच ती यायला हवी, कारण नोटिशीत जो आरोप नाही त्यावर आदेश देता येत नाही आणि नोटिशीतली उणीव पुढे कशानेच भरून निघत नाही. त्या वेळी तुमच्या अधिकाऱ्याने एक टिपण लिहावे, दोन-तीन पानांचे, फार मोठे नाही. कोणत्या कलमाखाली कारवाई आहे आणि त्या कलमातली प्रत्येक अट कोणत्या पुराव्याने, नस्तीच्या कोणत्या पानावर पुरी होते. समोरचा पक्ष काय म्हणेल आणि त्याचे सर्वांत बळकट म्हणणे कोणते. याहून सौम्य उपायाने काम भागते का, भागत नसेल तर का नाही. आणि घटना घडून किती काळ गेला. शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. सेबी कायद्यात नोटिशीला मुदत नसली तरी अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने भावेश पाबारी प्रकरणात २०१९ मध्ये सांगितले आहे, आणि धूळ खात पडलेल्या तपासातून निघालेली नोटीस याच मुद्द्यावर अडते. टिपण लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने आपले नाव त्यावर घालावे आणि मत विरोधी असेल तर तेही निर्भयपणे लिहावे. ते विरोधी मत नस्तीतून काढून टाकायला कोणी सांगितले, तर नकार देण्याची जबाबदारी तुमची, त्या कनिष्ठ अधिकाऱ्याची नव्हे. विभागप्रमुखाच्या नेतृत्वाची परीक्षा इथे होते. एकदा का कनिष्ठांना कळले की साहेबांना हवे तेच मत लिहायचे असते, की विभागाच्या सल्ल्याला किंमत उरत नाही.

दुसरा बदल माणसांच्या वाटणीचा आहे. नियामक नियम करतो, तपास करतो, आरोप ठेवतो आणि निवाडाही करतो. हे सारे एकाच छपराखाली चालते, म्हणूनच लोकांच्या मनात शंका असते. ही शंका दूर करायची तर आरोपाची बाजू मांडणारा वकील आणि निवाडा करणाऱ्या सदस्याला सल्ला देणारा वकील एकच असता कामा नये. सेबीसारख्या मोठ्या संस्थेत हे स्वतंत्र विभाग करून साधता येते. राज्य आयोगांत विधी अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, तिथे भिंत उभारणे अवघड, पण प्रकरणागणिक नावे ठरवून नस्तीवर नोंद करणे शक्य आहे. या प्रकरणात अमुक अधिकारी तपास शाखेसोबत, तमुक सदस्यांसोबत, आणि दोघांत या विषयावर बोलणे नाही. निवाड्याच्या बाजूच्या अधिकाऱ्याला आणखी एक काम द्यावे. मसुदा पक्का होण्यापूर्वी त्याने हरणाऱ्या पक्षाच्या वतीने अपिलाचे मुद्दे लिहून काढावेत. ते वाचताना सदस्याला ज्या मुद्द्यावर थांबावे लागेल, तिथे आदेशात एक परिच्छेद कमी आहे असे समजावे.

या सगळ्यावर पहिली हरकत वेगाची येते, आणि ती खोटी नाही. बाजारातला घोटाळा, भेसळीचे अन्न, ठेवी घेऊन पळणारी कंपनी यांच्यासमोर टिपणे लिहीत बसायला वेळ कुठे आहे? पण कायद्याने या अडचणीचा विचार आधीच केलेला आहे. सेबी कायद्याच्या कलम ११(४) नुसार तातडीच्या आदेशाआधी किंवा नंतरही म्हणणे मांडण्याची संधी देता येते. एकतर्फी अंतरिम आदेश काढता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने लिबर्टी ऑइल मिल्स प्रकरणात १९८४ मध्येच मान्य केले. अट एवढीच की तातडी खरी असावी, ती आदेशात लिहिलेली असावी आणि नंतरची सुनावणी लवकर व्हावी. पाच वर्षांपूर्वीच्या व्यवहाराबद्दल आज एकतर्फी आदेश काढताना तातडी काय होती, हा प्रश्न न्यायाधिकरण विचारणारच. म्हणून तातडीच्या आदेशाचा साचा, त्यात तातडीच्या कारणांची जागा आणि पुढच्या सुनावणीची तारीख हे सारे संकट नसताना तयार करून ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणू नये. आणि वेगाचा हिशेब पुरा करायचा तर आदेश निघाल्यापासून नव्हे, तो अंमलात येईपर्यंत मोजावा लागतो. सिमेंटच्या आदेशाला दोन आठवडे उशीर झाला असता तरी चार वर्षे वाचली असती. वीजदराच्या आदेशात तर ही किंमत थेट ग्राहक भरतो. अपिलात आदेश बदलला की मधल्या वर्षांची थकबाकी व्याजासह पुढच्या दरात चढते, आणि ती चढलेली रक्कम ज्याच्या बिलात दिसते त्याला तिचे कारण कोणी सांगत नाही.

दुसरी हरकत तपास शाखेकडून येते: सगळी कागदपत्रे समोरच्याला दिली तर आमची पद्धत उघडी पडेल, माहिती देणारा अडचणीत येईल. टी. तकानो विरुद्ध सेबी या प्रकरणात १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सोडवला आहे. नोटिशीशी संबंधित तपास अहवाल समोरच्याला द्यावाच लागेल. आदेशात त्याचा उल्लेख केलेला नाही एवढ्याने तो लपवता येत नाही. मात्र तिसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती किंवा बाजाराच्या स्थैर्याला बाधक मजकूर झाकून देता येतो आणि काय झाकले याचे समर्थन नियामकाने करायचे असते. तेव्हा देणे हा नियम आणि झाकणे हा अपवाद धरून नोटिशीसोबतच कागदपत्रांची यादी द्या. कागद मागून मागून थकलेला पक्ष उच्च न्यायालयात जातो, मूळ प्रकरण बाजूला राहते आणि वर्ष-दोन वर्षे केवळ एका अहवालाच्या प्रतीसाठी भांडण्यात जातात.

तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते. अर्थशास्त्रज्ञ, अभियंते, लेखापाल यांच्या संस्थेत वकिलांना आधी बसवले तर प्रत्येक धाडसी निर्णय अडेल, अशी ही भीती आहे. यात तथ्य आहे, कारण नाही म्हणणे विधी अधिकाऱ्याला नेहमीच सुरक्षित असते. आदेश निघालाच नाही तर तो रद्दही होत नाही. यावर उपाय हा, की तुमच्या विभागाकडून आलेला कोणताही नकार मार्गासह आला पाहिजे. हे परिपत्रकाने होणार नाही असे लिहिताना, विनियमाने होईल, त्याला इतके दिवस लागतील आणि तोवर अमुक करता येईल, हेही त्याच टिपणात यावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उत्पादन मंजुरीची पद्धत २०१३ मध्ये एका सल्लापत्राने सुरू केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सांगितले की अशा सल्लापत्राला कायद्याचे बळ नाही. विनियम करून, संसदेपुढे ठेवून तीच गोष्ट करण्याचा मार्ग कायद्यात होता. तो दाखवणारा वकील अभियंत्याला अडसर वाटत नाही. त्यासाठी विधी अधिकाऱ्याने विषय शिकलाच पाहिजे. वीज आयोगातल्या वकिलाला दराची याचिका आकड्यांसह वाचता यावी, सेबीतल्या वकिलाला व्यवहारांची नोंदवही समजावी. हे प्रशिक्षण तांत्रिक सहकाऱ्यांकडून घ्या. महिन्यातून दोन दुपारी दिल्या तरी वर्षात फरक दिसतो.

सरकारचा विषय इथे टाळता येणार नाही. धोरणात्मक बाबींवर सरकार नियामकाला निर्देश देऊ शकते; सेबी कायद्याचे कलम १६, ट्राय कायद्याचे कलम २५, वीज कायद्याचे कलम १०८ या त्याच तरतुदी आहेत. पण निर्देश वेगळा आणि दूरध्वनीवरून आलेली इच्छा वेगळी. एखाद्या प्रकरणात काय ठरवावे हे तोंडी सांगितले गेले तर तुमचा सल्ला एकच असावा: लेखी निर्देश मागवा, कलमाचा उल्लेख मागवा आणि तो नस्तीला लावा. गोरधनदास भानजींचे प्रकरण आदेश दुसऱ्याच्या सांगण्यावरून निघाला म्हणूनच पडले होते. लेखी मागणी केल्यावर पुष्कळ इच्छा आपोआप विरतात.

बाहेरच्या वकिलांविषयी थोडक्यात. पॅनेलवरचे वकील तुमच्या विभागाच्या कमतरता भरून काढतील ही अपेक्षा ठेवू नका, आणि आदल्या रात्री ब्रीफ देऊन सकाळी युक्तिवाद मागू नका. प्रत्येक मोठ्या प्रकरणात विषय जाणणारा तुमचा एक अधिकारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वकिलासोबत राहावा. अपील करायचे की नाही हा निर्णयही यंत्रवत नसावा. सेबीच्या बाबतीत न्यायाधिकरणाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात जायला साठ दिवस मिळतात आणि तेही कायद्याच्या प्रश्नावर. तथ्यांवर हरलेल्या प्रत्येक प्रकरणात अपील केले तर चांगल्या प्रकरणातल्या अपिलाचेही वजन कमी होते. जिंकलेल्या खटल्यांच्या टक्केवारीने तुमचे मूल्यमापन होणार असेल तर त्याला विरोध करा, कारण ती टक्केवारी वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ताकदवान पक्षांवर कारवाईच न करणे. त्याऐवजी किती आदेश कार्यपद्धतीच्या दोषाने परत आले हा आकडा दरवर्षी संस्थेसमोर ठेवा. तो शून्याकडे नेणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आदेश टिकला तरी तो अंमलात येतोच असे नाही, हे महारेराकडे गेलेल्या घरखरेदीदारांना चांगले माहीत आहे. रेरा कायद्याच्या कलम ४०(१) नुसार बिल्डरकडून यायची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. तिथल्या तहसीलदाराच्या हाती आदेश पडल्यावर त्याला रक्कम किती, व्याज कोणत्या तारखेपासून कोणत्या दराने, जप्त करता येईल अशी मालमत्ता कुठे, हे त्या कागदावरून कळायला हवे. ‘नियमानुसार व्याज’ एवढेच लिहिलेला आदेश कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असूनही वर्षानुवर्षे पडून राहतो. म्हणून मसुदा तपासताना तो अंमलात आणणाऱ्याच्या नजरेनेही एकदा वाचा. आणि ज्याच्यासाठी तो दिला आहे त्याच्या नजरेनेही. वीजदराच्या जाहीर नोटिसा मराठी वर्तमानपत्रांतून येतात, सुनावण्या अमरावती, नागपूर, नाशिक, पुण्याला झालेल्या आहेत, ग्राहक मराठीतून बोलतात. मग शेकडो पानांच्या इंग्रजी आदेशासोबत चार पानांचा मराठी सारांश, कोणत्या हरकतीचे काय झाले हे सांगणारा, का देता येऊ नये? ते काम विधी विभागाने अंगावर घ्यावे, कारण हरकतींना उत्तर दिल्याचा तोच सर्वांत चांगला पुरावा आहे.

तुम्ही नुकतेच हे पद घेतले असेल तर खटल्यांची यादी महिनाभर उपप्रमुखाकडे सोपवा. गेल्या पाच वर्षांत न्यायालयांनी आणि न्यायाधिकरणांनी रद्द केलेले किंवा परत पाठवलेले तुमच्या संस्थेचे सर्व आदेश मूळ नस्त्यांसह काढा. विभागातल्या प्रत्येकाला दोन-दोन वाटून द्या, आणि ज्या पानावर तो आदेश हरला ते पान शोधून आणायला सांगा.